गिरणी ‘बंद पडली’ की ‘बंद पाडली’? : आठवणींचं बोलणं तपासताना

1982च्या संपात उतरलेल्या एखाद्या गिरणी कामगाराला तुम्ही बोलतं केलं आहे, असं समजा. परळच्या चाळीतली खोली, फोनवर रेकॉर्डिंग चालू. सुरुवातीला तो म्हणतो, ‘‘मग गिरणी बंद पडली.’’ थोड्या वेळाने त्याच घटनेबद्दल म्हणतो, ‘‘त्यांनी गिरणी बंद केली.’’ मधेच मुलगा कामावरून येतो, ‘‘संप केलात, आणि काय मिळालं?’’ असं पुटपुटतो, आणि बापाचं वाक्य बदलतं : ‘‘बंद पाडली रे, बंद पाडली!’’ पहिल्या वाक्यात कुणाचाच हात नाही. दुसऱ्यात कुणाचा तरी निर्णय आहे. तिसऱ्यात डाव आहे, आणि त्या डावात संपकऱ्याची सुटकाही आहे. गिरणी आमच्यामुळे गेली नाही, ती घालवायची आधीच ठरलं होतं, असं तो मुलाला सांगतो आहे.

(कामगारांच्या तोंडची वाक्यं या लेखापुरती मी रचली आहेत. बाकीची माणसं, वर्षं आणि प्रकरणं खरी आहेत.)

आता या तीन वाक्यांचं काय करायचं? फरक बोलण्याच्या ओघातला म्हणून सोडून देता येईल. ‘काका, तुमचं नक्की मत काय?’ असं विचारून एक वाक्य ठेवून बाकीची खोडता येतील. किंवा कोणतं वाक्य कुणासमोर, कशानंतर आलं हे पाहता येईल. तिसरा रस्ता म्हणजे आठवणींच्या अभ्यासातल्या बोलण्यावर आधारलेल्या पद्धती. एम. ए.ला मौखिक इतिहासाचा प्रकल्प करणारे विद्यार्थी, गावाचा इतिहास जमवणारी मंडळी, माहितीपट करणारे अशा अनेकांना आज या पद्धतींची नावं ऐकून माहीत असतात. कोणती कुठे चालते आणि ती नीट वापरली गेली का हे कसं ओळखायचं, यावर मात्र मराठीत फारसं बोललं जात नाही. हा लेख त्यांच्यासाठी.

पहिलं काम रेकॉर्डिंग ऐकायच्याही आधीचं आहे. तुमचा प्रश्न कागदावर एका वाक्यात लिहा आणि तो तीनपैकी कोणत्या जातीचा आहे ते पाहा. काय घडलं, हा एक. त्या माणसावर काय गुजरलं, हा दुसरा. घडलेलं सांगताना तो आत्ता इथे काय करतो आहे, हा तिसरा. संप 18 जानेवारी 1982ला सुरू झाला, हे कळायला कुणाच्या आठवणीची गरज नाही, जुनी वर्तमानपत्रं आहेत. त्या वर्षी घरात चूल कशी पेटत होती हे मात्र तोच सांगेल, आणि ते आधी माहिती म्हणूनच ऐकायला हवं. बोलण्यावर आधारलेली पद्धत तिसऱ्या प्रश्नाची आहे. माझ्या पाहण्यातल्या फसलेल्या प्रबंधांपैकी बहुतेकांचं दुखणं हेच होतं : प्रश्न पहिला, पद्धत तिसरी आणि निष्कर्ष दुसऱ्याचा.

ही पद्धत आली कुठून, ते थोडं माहीत असलेलं बरं, कारण तिची ताकद आणि तिचा हट्ट दोन्ही तिथूनच येतात. जर्मनीत हेर्मान एबिंगहाउसने 1885 साली निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून विसरण्याचा वेग मोजला. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेटने 1932च्या पुस्तकात दाखवलं की परकी गोष्ट पुन्हा सांगताना माणसं ती आपल्या ओळखीच्या घाटात बसवतात. दोघांनाही मनात काय साठतं आणि त्याचं काय होतं, हे हवं होतं. खरी ठिणगी पडली ती पुढे, जॉन डीनवरून.

डीन हे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे कायदेशीर सल्लागार. वॉटरगेट प्रकरणात जून 1973मध्ये त्यांनी सिनेटच्या समितीपुढे 245 पानांचं निवेदन वाचलं. महिन्या-महिन्यांपूर्वीच्या बैठका, कोण काय म्हणालं, सगळं तपशिलात. वर्तमानपत्रांनी त्यांना चालता-बोलता टेपरेकॉर्डर ठरवलं. निक्सन यांच्या कार्यालयात खराच टेपरेकॉर्डर चालू होता, हे जगाला कळलं त्यानंतर, जुलैमध्ये. अशी संधी मानसशास्त्राला सहसा मिळत नाही : आठवणही हाताशी आणि घटनेची टेपही. उल्रिक नायसर यांनी दोन्ही समोरासमोर ठेवून 1981 साली निबंध लिहिला. 15 सप्टेंबर 1972च्या बैठकीबद्दल डीन यांनी सांगितलेले संवाद टेपशी जवळजवळ जुळतच नव्हते. तरीही एकंदरीत ते खरंच बोलत होते, असं नायसर यांचं म्हणणं. गैरकृत्य झाकलं जात होतं आणि राष्ट्राध्यक्षांना ते ठाऊक होतं, हा गाभा बरोबर होता. डीन यांच्या आठवणीत स्वतःची भूमिका थोडी मोठी झाली होती, हेही नायसर यांनी नोंदवलं.

यावर डेरेक एडवर्ड्स आणि जॉनथन पॉटर या दोघांनी बोट ठेवलं ते वेगळ्याच जागी. डीन हे काही प्रयोगशाळेत बसलेले नव्हते. ते समितीपुढे होते, स्वतः अडकलेले होते, आणि त्यांच्या शब्दावर देशाचा राष्ट्राध्यक्ष उभा किंवा आडवा होणार होता. माझी स्मरणशक्ती चांगली आहे, पण शब्द न् शब्द आठवतो असा माझा दावा नाही, या धर्तीचं त्यांचं बोलणं आपण स्मरणशक्तीचा अहवाल म्हणून वाचायचं, की साक्षीदार म्हणून विश्वास मिळवण्याची खटपट म्हणून? ‘गाभा’ कुठला आणि ‘तपशील’ कुठला, हेही आधीपासून ठरलेलं नसतं. वादात ज्याला जे सोयीचं, ते तो गाभा ठरवतो.

हे त्यांनी दुसऱ्या एका प्रकरणावर करून दाखवलं. नोव्हेंबर 1988मध्ये ब्रिटनचे अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी काही पत्रकारांशी बंद खोलीत गप्पा मारल्या. रविवारी पेपरांत आलं की निवृत्तांच्या सवलती यापुढे उत्पन्न पाहून देण्याचा सरकारचा विचार आहे. लॉसन म्हणाले, मी असं बोललोच नाही. टेप मिळाली नाही. मग भांडण पेटलं ते आठवणींचं. इतक्या जणांनी एकच बातमी दिली म्हणजे ती खरी असणार, असं एक बाजू म्हणे. दुसरी म्हणे, सगळ्यांचं इतकं जुळतं म्हणजे त्यांनी नंतर एकत्र बसून जुळवलं असणार. जुळणी तीच, पण एका बाजूला ती पुरावा होती आणि दुसऱ्या बाजूला कटाची खूण. टेप असती तरी ‘त्या वाक्याचा अर्थ तसा नव्हता’ हा वाद उरलाच असता. एडवर्ड्स आणि पॉटर यांचं ‘डिस्कोर्सिव्ह सायकॉलॉजी’ हे पुस्तक 1992चं. या पद्धतीला आजही त्याच नावाने ओळखतात.

तेव्हा या पद्धतीचा जन्म साक्ष, आरोप आणि खुलासा यांत झाला आहे, हे विसरू नका. जिथे कुणी कुणाला जबाबदार धरतं, तिथे तिची धार सर्वांत चांगली लागते. संपाच्या आठवणींत ती लागतेच. नेत्याचं चुकलं की मालकाचं, कामावर लवकर परतलेला फितूर की पोराबाळांचा बाप, हे प्रश्न अजून भिजत पडले आहेत.

ट्रान्स्क्रिप्टमध्ये काय शोधायचं

इंग्रजी पुस्तकांतल्या याद्या मराठी बोलण्यावर जशाच्या तशा बसत नाहीत. मराठीत काम करताना मला ज्या जागा सर्वांत कामाच्या वाटतात, त्या सांगतो.

क्रियापद आधी. ‘पडली, केली, पाडली’ आपण पाहिलंच. तसंच ‘मी कामावर गेलो’ आणि ‘जावं लागलं’. सर्वनाम त्याच्या पाठोपाठ. बोलणारा ‘मी’वरून ‘आम्ही’वर, ‘आम्ही’वरून ‘आपण’वर आणि तिथून ‘माणूस करणार तरी काय’वर कधी सरकतो, तिथे पेन्सिलीने खूण करा. ‘आपण’ म्हणताना तो तुम्हालाही त्यात ओढतो. ज्याने संप पाहिलेलाच नाही अशा विद्यार्थिनीला ‘आपण तेव्हा काय करणार होतो?’ असं विचारणं म्हणजे दोष वाटून घेण्याचं आमंत्रण आहे.

‘जायचो, करायचो, बसायचो’ या रूपांकडे लक्ष द्या. ‘आम्ही रोज गेटसभेला जायचो’ या वाक्यात एक दिवस सापडत नाही, त्यामुळे त्याला खोटं पाडणंही अवघड. सवय म्हणून सांगितलेली गोष्ट माणसाच्या स्वभावाचं प्रमाणपत्र होते. याच्या उलट ‘बघतो तर काय’. रॉबिन वूफिट यांनी 1992च्या पुस्तकात विलक्षण अनुभव सांगणाऱ्यांचं बोलणं तपासलं. आपण काहीतरी अगदी साधं करत होतो आणि तेवढ्यात ते घडलं, अशी मांडणी तिथे पुन्हा पुन्हा येते. सांगणारा साधा, शहाणासुरता माणूस आहे, हे त्यातून आधीच ठसतं. ‘‘नेहमीसारखा पहिल्या पाळीला निघालो, डबा हातात, गेटवर बघतो तर काय, कुलूप!’’ यातला डबा बिनकामाचा नाही. तो माणूस काम करायला निघाला होता याचा तो साक्षीदार आहे.

‘म्हणे’ हा शब्द तर देणगीच आहे. ‘डॉक्टरांना म्हणे आधीच निरोप आला होता’ या वाक्यात माहिती पोचते आणि तिची जबाबदारी बोलणाऱ्यावर राहत नाही. (गिरणगावात ‘डॉक्टर’ म्हणजे दत्ता सामंत, हे वेगळं सांगायला नको.) दुसऱ्याचं बोलणं अवतरणात, आवाज बदलून सांगितलं असेल, तर तेही टिपा. कोणाचा आवाज काढला जातो, कोणाचा नाही?

आणि न आठवणं. हाताळायला सर्वांत अवघड आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित. 1987 साली इराण-कॉन्ट्रा प्रकरणाच्या सुनावणीत ऑलिव्हर नॉर्थ यांनी ‘आठवत नाही’चा जो वापर केला, त्याचं विश्लेषण मायकेल लिंच आणि डेव्हिड बोगन यांनी 1996च्या पुस्तकात केलं. ‘नाही’ म्हटलं तर कागद पुढे करून खोटं ठरवता येतं, ‘आठवत नाही’ला पकडायचं कसं? पण प्रत्येक विसरणं असं बेरकी नसतं. चार्ल्स गुडविन यांनी 1987च्या निबंधात घरगुती गप्पांतलं विसरणं तपासलं. पाहुण्यांना किस्सा सांगताना नवरा एखादं नाव विसरतो, बायकोकडे वळतो, आणि तो किस्सा आधीच माहीत असलेली बायको श्रोत्याची सांगणारी होते. ‘‘अगं, ते आपल्या खात्यातले… काय नाव त्यांचं?’’ असं आपल्याकडे रोज चालतं. मुलाखत घेणारे नेमकी ही जागा कापून टाकतात, आणि संपाच्या वर्षी खानावळ चालवून घर सांभाळणारी बाई पुन्हा एकदा कागदावरून गायब होते.

इथे शब्दांकनाबद्दल बोललंच पाहिजे. आपल्या दिवाळी अंकांनी आपल्याला एक वाईट सवय लावली आहे : प्रश्न काढून टाकायचे, अडखळणं पुसायचं, मालवणी किंवा साताऱ्याकडची बोली इस्त्री करून प्रमाण मराठीत आणायची, आणि वर ‘शब्दांकन : अमुक’ लिहायचं. वाचायला ते सुरेख असतं. तपासायला निरुपयोगी. या पद्धतीने काम करायचं तर तुमचा प्रश्न, तुमचा ‘हं’, मधला थांबा, शेजारच्याचं बोलणं, सगळं कागदावर हवं. गेल जेफरसन यांनी संभाषण-विश्लेषणासाठी घडवलेली चिन्हांची पद्धत त्याकरताच आहे. साध्या शब्दांकनाला तासाच्या रेकॉर्डिंगमागे चार-पाच तास सहज जातात, जेफरसन पद्धतीने वीस तासही कमी पडतात. म्हणून सगळं साधं उतरवा, आणि ज्या उताऱ्यावर तुमचं म्हणणं उभं आहे तेवढाच बारकाईने.

कोणती पद्धत, कशासाठी

विषयवार वर्गीकरण, म्हणजे बोलण्यातून ‘उपासमार’, ‘कर्ज’, ‘गावी परतणं’ असे विषय काढणं, हे बहुतेक जण करतात. साठ मुलाखतींचा आवाका समजायला ते ठीक. मात्र त्यात वाक्य आपल्या जागेवरून उचललं जातं, म्हणून त्याला बोलण्याचं विश्लेषण म्हणू नये.

कथन-विश्लेषणाचं तसं नाही. विल्यम लबोव्ह आणि जोशुआ वालेट्झ्की यांनी 1967मध्ये तोंडी गोष्टीचा सांगाडा मांडला : पार्श्वभूमी, गुंता, मूल्यमापन, उकल आणि समारोप. साचा म्हणून तो कंटाळवाणा वाटेल, पण संपाला लावून पाहा. 1982चा संप औपचारिकपणे कधी मागेच घेतला गेला नाही. अडीच लाखांच्या आसपास कामगारांची ही गोष्ट, आणि तिला अधिकृत उकल नाही. मग प्रत्येक सांगणाऱ्याला शेवट स्वतः आणावा लागतो. कुणाचा संप गेटवर पुन्हा हजेरी लावली त्या दिवशी संपतो, कुणाचा गावच्या एसटीत बसल्यावर, कुणाचा गिरणीच्या जागी मॉल उभा राहिल्यावर. शेवट कुठे ठेवला त्यावरून आधीची सगळी गोष्ट हार ठरते, फसवणूक ठरते किंवा अजून चालू असलेली लढाई ठरते. मला निवडायला सांगितलं, तर गिरणगावच्या आठवणींसाठी मी हीच वाट आधी धरीन आणि क्रियापदं-सर्वनामांचं बारीक काम नंतर करीन.

या वाटेवरचा सर्वांत मोठा धडा इटलीतल्या तेर्नी या पोलाद कारखान्याच्या गावातून आला आहे. नाटोत सामील होण्याच्या विरोधात कामगार रस्त्यावर आले असताना 17 मार्च 1949ला पोलिसांशी झालेल्या चकमकीत लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार मारला गेला. आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांना मुलाखतींत असे कितीतरी जण भेटले, जे हा मृत्यू 1953मध्ये, मोठ्या कामगारकपातीच्या वेळच्या रस्त्यावरच्या लढाईत झाला असं सांगत होते. पोर्तेल्ली यांनी चूक झाकली नाही. कागद काढून खरी तारीख सांगितली, आणि मग विचारलं की इतके जण एकाच दिशेने का चुकले. सहकारी मारला गेला आणि आपण काही करू शकलो नाही, याची बोच 1953मध्ये नेऊन ठेवली की सुसह्य होते, कारण तेव्हा गाव झुंजलं होतं. इथे ‘काय घडलं’ हा प्रश्न सोडलेला नाही, हे नीट पाहा. खरी तारीख हाताशी नसती, तर त्या चुकीमागचा अर्थही लागला नसता. एडवर्ड्स-पॉटर यांच्या पंथाला सत्य-असत्याचा निवाडा बाजूला ठेवायचा असतो. मौखिक इतिहास करणाऱ्याला ती चैन परवडत नाही, असं माझं मत आहे.

पद्धत नीट वापरली गेली का?

स्वतःचं किंवा दुसऱ्याचं विश्लेषण हातात आलं की मी आधी उतारे पाहतो. उतारा मोठा आणि खालचं विवेचन म्हणजे त्याचाच सारांश, असं असेल तर काम झालेलंच नाही. ‘इथे कर्मणी प्रयोग आहे, इथे अवतरण आहे’ अशी नुसती नोंद असेल, तरीही नाही. आंताकी, बिलिग, एडवर्ड्स आणि पॉटर यांनी 2003च्या निबंधात अशा सहा चुका दाखवल्या आहेत. त्यात बोलणाऱ्याची बाजू घेणं किंवा त्याला फटकारणं हीसुद्धा एक आहे. आपल्याकडे ती फार होते. कामगार आहे म्हणून त्याचं सगळं खरं आणि मालकाच्या माणसाची तेवढी ‘मांडणी’, असा पंक्तिप्रपंच पद्धतीत बसत नाही. दोघांच्या बोलण्याला एकच चाळणी लावा.

दुसरी कसोटी समोरच्याच्या उत्तरात असते. ‘बंद पाडली’ हे वाक्य दोष झटकतं, असं तुम्ही म्हणता. मुलाने ते तसं घेतलं का? तो ‘सगळे असंच म्हणतात’ म्हणाला, तर तुमच्या वाचनाला त्या खोलीतच दुजोरा मिळाला. तो ‘चहा टाकू का?’ म्हणाला, तर थोडं थांबा. तिसरी कसोटी न जुळणाऱ्या उदाहरणांची. मुलगा नसताना, कुणी काही टोचलेलं नसतानाही ‘बंद पाडली’ येत असेल, तर तो उतारा परिशिष्टात न दडवता मधोमध आणा. बऱ्याचदा तोच तुमचा मुद्दा दुरुस्त करतो.

एक अडचण मात्र कोणत्याही कसोटीने सुटत नाही. मुलाखत ही तुम्ही घडवलेली बैठक असते. पॉटर आणि अलेक्सा हेपबर्न यांनी 2005मध्ये मुलाखतींवर चांगलीच टीका केली, आणि ती रास्त आहे. तुम्ही ‘संपाने काय गमावलं?’ असं विचारलंत, तर उत्तरात गमावणं येणारच. जमलं तर मुलाखतीबाहेरच्या आठवणीही मिळवा : जुन्या कामगारांची बैठक, घरांच्या मागणीच्या मोर्चानंतरचा चहा, तेराव्याला जमलेली माणसं. अर्थातच विचारून, सांगून.

आणि कुठे ही पद्धत गुंडाळून ठेवायची, तेही सांगतो. संपात मूल गेलं असं सांगणाऱ्या आईच्या वाक्यातली सर्वनामं मोजत बसू नये. तांत्रिकदृष्ट्या ते करता येतं, पण त्यातून जे कळतं ते फार थोडं आणि जे बिघडतं ते फार. दुसरी जागा जास्त वादाची आहे. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’साठी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. पुस्तक 1989मध्ये आलं. या स्त्रियांची नोंद इतरांनी लिहिलेल्या कागदांत नीटशी झालेलीच नव्हती. जिथे दुसरा पुरावा कुणी ठेवलाच नाही, तिथे ‘आम्ही सभेला गेलो, आम्ही भाषणं केली’ या वाक्याकडे आधी घडलेल्या गोष्टीची नोंद म्हणून पाहावं लागतं. त्याला निव्वळ स्वतःची प्रतिमा घडवणारं बोलणं म्हटलं, तर एकदा कागदाने पुसलेल्या बाया दुसऱ्यांदा पद्धतीने पुसल्या जातील. ते सांगणं कसं घडतं हा अभ्यास जरूर करा, पण दावा मान्य-अमान्य करण्याचं काम उरकून.

सुरुवात करायची तर लहान करा. एका मुलाखतीतला पाच-सात मिनिटांचा, कुणीतरी कुणाला जबाबदार धरलेला तुकडा निवडा. तो प्रश्नांसकट, बोलीत, जसाच्या तसा उतरवा. नावं, गिरणीचं आणि खात्याचं नाव बदला, कारण एकाच खात्यातले लोक एकमेकांना दोन वाक्यांत ओळखतात. मग तीन-चार जणांना जमवून मूळ आवाज ऐका. त्या गटात एक तरी माणूस त्या भागातली बोली घरी बोलणारा असू द्या. तुम्हाला जो उपरोध वाटला, तो त्याच्या गावात नुसता आदर असू शकतो.